राजोडीचा किनारा आणि पाहुण्यांचें पंचांग

मुलांच्या परीक्षा संपत आल्या आणि माळ्यावरच्या पेट्या खालीं उतरल्या, कीं एकत्र कुटुंबांत एक प्रश्न हटकून उभा राहतो: यंदा जावयाचें कोठें? पूर्वीं याचें उत्तर ठरलेलें असे. आजोळ, कुलदैवत, फार झालें तर माथेरान किंवा महाबळेश्वर. आतां घरांतील तरुण मंडळी थायलंड, बाली, दुबई, व्हेनिस अशीं नांवें सहज उच्चारतात, आणि प्रवासी कंपन्यांचीं रंगीत पत्रकें वडील माणसांसही मोह पाडतात. यांत वाईट असें कांहींच नाहीं. देशाटनाचें महत्त्व आमच्या वाचकांस नव्यानें पटवून द्यावयास नको. परंतु ज्या ठिकाणाची कीर्ति मोठी, तेथील खांचखळगे पत्रकांत छापलेले नसतात. ते पाहुण्यास स्वतःच ओळखावे लागतात. ही ओळख कशी करून घ्यावी, याचा धडा दूरदेशीं जाण्यापूर्वीं घराजवळ गिरवितां येतो, असें आमचें मत आहे. म्हणून या महिन्यांत आम्ही वाचकांस वसईकडील राजोडीच्या समुद्रावर नेणार आहों.

चर्चगेटपासून साठ किलोमीटरांवर विरार, आणि त्याच्या अलीकडचें स्टेशन नालासोपारा. १८६७ सालीं मुंबईहून विरारपर्यंत आगगाडी सुरू झाली आणि १९३६ सालीं विजेची गाडी आली. तेव्हांपासून हा किनारा मुंबईकरांस एका सकाळीं जाऊन संध्याकाळीं परत येण्याजोगा झाला. नालासोपाऱ्यास उतरून पश्चिमेस निघालें म्हणजे प्रथम उंच इमारती, दुकानें व रिक्षांची गर्दी लागते. मग निर्मळच्या बाजूस येतां येतां रस्ता एकाएकीं बदलतो. केळी, नारळ, फुलांचे वाफे, कौलारू घरें आणि त्यांपुढील स्वच्छ अंगणें दिसूं लागतात. शेवटीं सुरूंच्या रांगा आणि त्यांपलीकडे राजोडीचा समुद्र. दक्षिणेस कळंब, उत्तरेस नवापूर व अर्नाळा हीं त्याचीं शेजारचीं गांवें.

परदेशाच्या ओढीनें ज्यांचा जीव कासावीस होतो, त्यांस एक गोष्ट सांगण्यासारखी आहे. हा मुलूख एके काळीं खरोखरीच परक्या राजाचा होता. १५३४ सालीं गुजरातच्या बहादुरशहानें वसई पोर्तुगिजांच्या हवालीं केली, आणि १७३९ सालीं चिमाजी आप्पांनीं ती जिंकून घेतली. मधल्या दोनशें पांच वर्षांत वसई हें पोर्तुगिजांच्या उत्तरेकडील प्रांताचें मुख्य ठाणें होतें. जेमेली कॅरेरी नांवाचा एक इटालियन गृहस्थ १६९३ सालीं जगप्रदक्षिणेस निघाला आणि १६९५ मध्यें वसईस आला. त्याच्या प्रवासवर्णनांत वसईबाहेरच्या बागांचें मोठें कौतुक आहे. पंधरा मैलपर्यंत फळझाडांच्या बागा पसरल्या होत्या, पाणी चढविण्याच्या यंत्रांनीं त्या सदा हिरव्या राखल्या जात, हिंदु, मुसलमान व ख्रिस्ती शेतकरी त्या कसीत, आणि शहरांतील धनिकांनीं तेथें हवा खाण्यासाठीं बंगले बांधले होते, असें तो सांगतो. मात्र तोच पुढें हेंही सांगतो कीं, या किनाऱ्यावरील शहरांत एक भयंकर सांथ येत असे, आणि तिला चुकविण्यासाठींही ही मंडळी बागांकडे धांव घेत. म्हणजे वसईच्या बागांत हवा खाण्यास येणें ही आजची टूम नव्हे. आणि जो प्रवासी गुणांबरोबर दोषही टिपून ठेवतो, त्याचेंच वर्णन तीनशें वर्षांनंतर वाचण्याजोगें राहतें.

राजोडीस जातांना वाटेवर थांबण्यासारखीं स्थळें आहेत, तीं बहुतेक पाहुणे गाडीच्या कांचेंतून पाहून पुढें जातात. सोपारा हें प्राचीन शूर्पारक बंदर. येथील ‘बुरूड राजाचा कोट’ म्हणून ओळखली जाणारी टेकडी म्हणजे बौद्ध स्तूप आहे, हें १८८२ सालीं पंडित भगवानलाल इंद्रजी यांनीं उत्खनन करून दाखविलें. अशोकाच्या आठव्या लेखाचा तुकडाही सोपाऱ्यांत सांपडला आहे. निर्मळ येथें तलाव आहे, शंकराचार्यांची समाधि म्हणून मानलें जाणारें देवालय आहे आणि कार्तिकांत मोठी यात्रा भरते. या टापूंतील सामवेदी ब्राह्मण आणि सामवेदी ख्रिस्ती यांची बोली एकच; धर्म निराळे झाले तरी बागाईत, शेजार व घरांतील भाषा सुटली नाहीं. जवळच्या नंदाखालचे सुपुत्र फादर फ्रान्सिस दिब्रिटो २०२० सालीं उस्मानाबाद येथील मराठी साहित्य संमेलनाचे अध्यक्ष झाले; २०२४ सालीं ते निवर्तले. हें ठाऊक असलें म्हणजे वाटेवरच्या चर्चकडे पाहून “हे लोक मराठी बोलतात वाटतें!” असे उद्गार आपल्या मुलांच्या तोंडून निघणार नाहींत. पाहुण्याच्या अज्ञानाइतकें यजमानास दुसरें कांहीं टोंचत नाहीं.

आतां किनाऱ्याकडे वळूं. राजोडीचें सौंदर्य डोळे दिपविणारें नाहीं. तें शांत आहे. मार्गशीर्षापासून माघापर्यंत सकाळची हवा थंड असते, वाळू पायांस सुखाची लागते, आणि सुरूंच्या पानांतून वाहणाऱ्या वाऱ्याचा आवाज वृद्ध माणसांस तासन् तास बसवून ठेवतो. लहान मुलांस वाळू, शिंपले आणि बिळांत पळणारे खेंकडे एवढें पुरेसें असतें. मावळतीच्या वेळीं समोर क्षितिजापर्यंत कांहींच आडवें येत नाहीं. घरीं परततांना आगाशीकडचीं सुकेळीं घ्यावीं. राजेळी जातीचीं केळीं सोलून, उन्हांत वाळवून केलेला हा पदार्थ दिसावयास साधा, पण मुरंब्यास लाजविणारा असतो. अर्नाळ्याच्या बाजूस गेल्यास मासळी वाळत घातलेली दिसेल. तिच्या वासानें आमच्या वाचकांपैकीं कित्येकांचे हात नाकाकडे जातील. परंतु तें दुसऱ्याच्या घरचें वाळवण आहे, हें ध्यानांत घेऊन नाक धरावयाचें तर निदान वळण ओलांडल्यावर धरावें.

हीं झालीं सुखें. आतां खांचखळग्यांकडे यावयाचें, आणि त्यांत पहिला मान समुद्राचा. सपाट वाळूचा किनारा पाहून कुटुंबवत्सल मनुष्य निर्धास्त होतो, आणि तेथेंच धोका असतो. मुंबईलगतच्या या किनाऱ्यावर मोठ्या उधाणाच्या दिवशीं भरती व ओहोटी यांच्या पाण्यांतील उंचीचा फरक चार ते पांच मीटरांपर्यंत जातो. म्हणजे एका मजल्याहूनही अधिक. हें पाणी सहा तासांत सारख्या वेगानें चढत नाहीं. पहिल्या तासांत एकूण चढाचा बारावा हिस्सा, दुसऱ्यांत दोन, तिसऱ्यांत तीन, चौथ्यांत तीन, मग पुन्हा दोन आणि शेवटीं एक, असा त्याचा ढोबळ हिशेब आहे. अर्थात् मधल्या दोन तासांतच निम्मा चढ होऊन जातो. पहिला तास पाहून “अजून पुष्कळ अवकाश आहे” असें जो म्हणतो, त्याच्या चटया आणि चपला तिसऱ्या तासाला तरंगूं लागतात. वाळूवर मोटार नेणारे तर गाडी रुतल्यावर जागे होतात.

यावर उपाय घरच्या घरीं आहे, आणि तो देवघराजवळच्या खुंटीस टांगलेला असतो. शुद्ध किंवा वद्य पक्षांतील तिथीच्या आंकड्यास तिनानें गुणावें व चारानें भागावें. जें उत्तर येईल, तितक्या वाजतां दिवसा व रात्रीं या किनाऱ्यावर पूर्ण भरती असते. चतुर्थीस तीन वाजतां, अष्टमीस सहा वाजतां; पौर्णिमा व अमावास्या या दोहींस पंधरा हा आंकडा धरला म्हणजे सव्वाअकरा येतात. त्यापुढें सुमारें सव्वासहा तासांनीं पूर्ण ओहोटी. पाऊण तासाचा फरक पडूं शकतो, म्हणून निघण्याच्या दिवशीं छापील कोष्टकाशीं तो ताडून पाहावा. परंतु सहल ठरवितांना हा हिशेब पुरतो. कोळी बांधव पौर्णिमा-अमावास्येच्या जोरकस पाण्यास ‘उधाण’ व अष्टमीच्या सुमाराच्या मंद पाण्यास ‘भांग’ म्हणतात. लेंकुरवाळ्या कुटुंबानें भांगाचे दिवस निवडावे. अष्टमीस दुपारीं बाराच्या सुमारास ओहोटी असते. सकाळीं पोंचून, दुपारपर्यंत वाळूवर हिंडून तिसऱ्या प्रहरीं सावलींत येतां येतें.

याउलट आपण बहुधा करतों काय? सुट्टी पाहून निघतों. होळीचा सण म्हटला कीं पौर्णिमा आली, आणि पौर्णिमा म्हटली कीं उधाण आलें. वर्षांतून ज्या दिवशीं किनाऱ्यावर सर्वांत जास्त गर्दी, त्याच दिवशीं पाण्याला जोर अधिक, असा हा योग दरवर्षीं जुळून येतो. २०१८ च्या मार्चमध्यें होळीच्याच सणाला शेजारच्या कळंबच्या किनाऱ्यावर पांच जण बुडून मरण पावले. मुंबईकरांच्या स्मरणांतून ती बातमी आठ दिवसांत गेली असेल. ज्यांच्या घरचीं माणसें गेलीं, त्यांच्या दारांतली होळी कायमची विझली.

अशा अपघातांत बहुधा एकामागून एक माणसें जातात, याचेंही कारण समजून घेतलें पाहिजे. लाटांनीं किनाऱ्यावर आणलेलें पाणी एखाद्या अरुंद वाटेनें वेगानें परत आंत जातें. त्या वाटेवर लाटा कमी फुटतात, म्हणून अजाण माणसास तीच जागा शांत व सुरक्षित दिसते. तेथें पाय सुटला कीं चांगला पोहणाराही किनाऱ्याच्या दिशेनें झगडून थकतो. अशा वेळीं ओढ्याशीं न झगडतां किनाऱ्याला समांतर, आडवें पोहत बाजूस जावें. तें न जमल्यास अंग सैल सोडून तरंगावें व हात वर करून हांक मारावी. किनाऱ्यावर असणाऱ्यांनीं मायेच्या उमाळ्यानें पाण्यांत उडी घेऊं नये. दोर, पाण्याचा रिकामा बुचबंद डबा, जें तरंगेल तें फेंकावें आणि जीवरक्षकांस किंवा गांवकऱ्यांस बोलवावें. पावसाळ्याचा तर प्रश्नच नाहीं. पश्चिम किनाऱ्यावर जून व जुलै या दोन महिन्यांत यांत्रिक नौकांच्या मासेमारीस बंदी असते, आणि नारळी पौर्णिमेस समुद्राची पूजा केल्यावांचून कोळी होडी लोटीत नाहींत. ज्यांचें पोट समुद्रावर, ते ज्या दिवसांत पाण्यांत उतरत नाहींत, त्या दिवसांत पाहुण्यांनीं कंबरभर पाण्यांत उभें राहून छायाचित्रें काढावीं, याला धाडस म्हणणें आम्हांस शक्य नाहीं.

दुसरा खळगा बाजारी सुखाचा. या किनाऱ्यालगत रिसॉर्ट म्हणून ओळखल्या जाणाऱ्या वाड्या पुष्कळ झाल्या आहेत. कांहीं नीटनेटक्या आहेत, कांहीं नाहींत. आमच्या परिचयाचें एक दहा माणसांचें कुटुंब अशा एका ठिकाणीं ठरलेला दर देऊन गेलें. आंत गेल्यावर तलावाचे कपडे भाड्यानें घेण्याची सक्ति, मुलांचे निराळे पैसे, आजींना केवळ झाडाखालीं बसावयाचें असतां त्यांचाही पूर्ण आकार, असा हिशेब झाला. त्यांत शेजारच्या टोळक्याचें मद्यपान आणि कर्कश वाद्यें यांची भर. म्हणून जाण्यापूर्वीं दर कशाकशाचा, वृद्धांस काय, भोजन शाकाहारी निराळें शिजतें कीं नाहीं, वाद्यें किती वाजतां थांबतात, हें कर्त्या माणसानें विचारून लिहून घ्यावें. शक्य तर रविवार टाळावा. रविवारीं किनाऱ्यावर गर्दी असतेच, शिवाय रेल्वेच्या दुरुस्तीपायीं गाड्या कमी असतात. संध्याकाळीं पेंगुळलेलीं मुलें व थकलेले वृद्ध यांना घेऊन लोकलमध्यें शिरणें हें दिवसभराच्या सुखावर पाणी पाडणारें ठरतें.

तिसरा खळगा पाहुण्याच्या पायांखालीं असतो, पण तो पडतो यजमानाच्या विहिरींत. वाळूच्या किनाऱ्यावर पावसाचें गोडें पाणी जमिनींतील खाऱ्या पाण्यावर तरंगत असतें. समुद्राच्या पातळीवर एक हात गोडें पाणी असेल, तर त्याच्या खालीं सुमारें चाळीस हात गोडें पाणी राहतें, असा शास्त्राचा ठोकताळा आहे. त्याचा अर्थ उलटही होतो: उपसा करून ती पातळी एक हात खालीं आणली, कीं खालून खारें पाणी चाळीस हात वर सरकतें. वसईच्या जुन्या बागाइतदारांस हें गणित कोणी शिकविलें नव्हतें, पण त्यांनीं तें पाळलें. पावसाचें पाणी सांठविण्यासाठीं त्यांनीं बागांतून बावखलें खणलीं आणि बैलाच्या रहाटानें जेवढें येईल तेवढेंच पाणी घेतलें. पुढें पंप आले, शहर वाढलें, टँकर भरभरून पाणी बाहेर जाऊं लागलें, बावखलें बुजलीं. आणि कित्येक विहिरी खाऱ्या झाल्या. दिब्रिटोंच्या पुढाकारानें उभी राहिलेली ‘हरित वसई’ची चळवळ याच पाण्यासाठीं व या बागांसाठीं होती. समुद्रांत डुंबून आल्यावर तीन तीन वेळां गोड्या पाण्याच्या फवाऱ्याखालीं उभे राहणारे आपण, त्या पाण्याचा खरा मालक कोण, याचा विचार करीत नाहीं. बिल चुकतें केलें म्हणजे ऋण फिटलें असें आपण समजतों. केळीच्या बागेचें बिल मात्र कोणी करीत नाहीं.

परदेशींही निराळें घडलेलें नाहीं. थायलंडांतील माया बे हा लहानसा किनारा एका इंग्रजी चित्रपटामुळें जगप्रसिद्ध झाला. होड्यांच्या आणि माणसांच्या गर्दीनें तेथील प्रवाळ नष्ट होऊं लागलें, तेव्हां सरकारनें २०१८ च्या जूनमध्यें तो बंद केला आणि २०२२ च्या जानेवारींत, पुष्कळ निर्बंध घालून, पुन्हा उघडला. फिलिपाइन्सचें बोराकाय बेट सांडपाण्यानें नासल्यामुळें त्याच २०१८ सालीं सहा महिने पाहुण्यांस बंद होतें. व्हेनिसनें २०२४ पासून गर्दीच्या ठराविक दिवशीं एका दिवसापुरत्या येणाऱ्यांवर प्रवेशकर बसविला. तिन्ही ठिकाणीं आधीं पाहुण्यांची वाट पाहिली गेली आणि मग त्यांचें ओझें झालें. दोष केवळ संख्येचा नव्हता. पैसे मोजून येणाऱ्यास ती जागा विकत घेतलेल्या वस्तूसारखी वाटूं लागते, आणि तेथें कोणाचें तरी घर, पाणी, सण व उपजीविका आहे, हें तो विसरतो.

म्हणून आमची सूचना अशी आहे. परदेशवारीचा बेत ज्या घरांत चालला असेल, त्यांनीं आधीं मुलांस घेऊन एक साधा दिवस राजोडीस काढावा, आणि त्याची आंखणी मुलांकडूनच करून घ्यावी. तिथीवरून भरती कोणी काढावी, गाडी कोणी पाहावी, सोपाऱ्याची माहिती कोणी सांगावी, धाकट्यांवर पाळीपाळीनें कोणी लक्ष ठेवावें, हीं कामें वांटून द्यावीं. पाण्यांत गुडघ्यापलीकडे कोणी जाऊं नये, आणि हा नियम वडील मंडळींनीं आधीं स्वतः पाळावा. काका कंबरभर पाण्यांत उभे असतील, तर पुतण्यास काठावर थांबविण्याचा अधिकार कोणासही राहत नाहीं. घरून नेलेल्या डब्यांचा, द्रोणांचा व प्लॅस्टिकचा केर घरींच परत आणावा. खरेदी करावयाची ती गांवांतल्या बाईच्या टोपलींतून करावी आणि भावांत फार ओढून धरूं नये. कोणाच्या अंगणाचें, चर्चमध्यें प्रार्थनेस निघालेल्यांचें किंवा मासळी निवडणाऱ्या स्त्रियांचें छायाचित्र विचारल्यावांचून काढूं नये. दिवेलागणीपूर्वीं किनारा सोडावा.

एवढें ज्या मुलांस राजोडींत जमेल, तीं बालीस गेलीं तरी तेथील देवळांत पाय कोठें ठेवावा हें विचारून ठेवतील, आणि व्हेनिसला गेलीं तरी कोणाच्या दारांत पसरून बसणार नाहींत. आणि ज्या वडीलधाऱ्यांस घर सोडवत नाहीं, त्यांस एका दिवसांत समुद्र, सुरू व सुकेळीं मिळतील. ही प्राप्ति कांहीं थोडी नव्हे. येत्या होळीस मात्र घरांतील कोणी “चला, समुद्रावर जाऊं” असें म्हटलें, तर त्यास त्या दिवसाची तिथि विचारावी आणि पुढल्या अष्टमीचा वार सांगावा.